जर्मनचा पेला

लेकीच्या लग्नात मुलाकडच्यांनी काय मागितलं, असं कुणी विचारलं की मी सांगते, "एक पेला." ऐकणारीला वाटतं, चांदीचा असणार. मी वाटू देते.

पेला जर्मनचा होता. म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा. आमच्या लहानपणी त्या भांड्यांना जर्मनचीच भांडी म्हणत; का म्हणत, ते बहुधा जर्मन लोकांनाही ठाऊक नसेल. तो पेला आमच्या व्याह्यांनी माझ्या घरातून मागून नेला आणि आपल्या मोटरसायकलला वेल्डिंग करून कायमचा जोडून टाकला. व्याही आता नाहीत. गाडी आहे, पेला आहे, आणि मी आहे. तिघांत सगळ्यात खिळखिळी मी.

व्याही सहकार खात्यात लेखापरीक्षक होते. पतसंस्था, दूध संघ, साखर कारखाने तपासण्यात त्यांचा जन्म गेला. उंच, सावळे, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा आणि कानावर लाल पेन्सिल. नोकरी संपली तरी पेन्सिल कानावरून उतरली नाही. आवाज कधी चढला नाही. काही खटकलं की मान जरा तिरकी करून म्हणत, "आक्षेप आहे." एकदा आम्ही सगळे मिसळ खायला गेलो होतो. त्यांच्या रश्श्यात केस निघाला. त्यांनी वेटरला जवळ बोलावलं, केस दाखवला आणि म्हणाले, "आक्षेप एवढाच. बाकीची मिसळ निर्दोष आहे." आणि वाटी चाटूनपुसून संपवली. वेटर बिचारा आम्ही निघेपर्यंत आमच्याकडे पाठ करून उभा होता.

गाडीला त्यांनी हॉर्न बसवलाच नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, "हॉर्न म्हणजे तोंडी आक्षेप. तोंडी आक्षेपाला पुण्यात कोण विचारतो?"

ही गाडी त्यांनी स्वतः बनवली होती. निवृत्त झाले त्या दिवशी सरकारी जीप त्यांना घरी सोडून परत गेली आणि हे बिबवेवाडीच्या सोसायटीच्या फाटकात उभे राहून म्हणाले, "सरकारनं मला जन्मभर डाव्या बाजूला बसवलं. आता हँडल मी धरणार." पत्नी आधीच गेलेली, मुलगा सॉफ्टवेअरमध्ये, सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसला की थेट रात्री दिसायचा. मग व्याह्यांनी भंगारातून साडेतीनशे सीसीचं एक म्हातारं इंजिन आणलं, सांगाडा एकाकडून, चाकं दुसऱ्याकडून, आणि पार्किंगमध्ये कारखाना मांडला. पहाटे बुद्धवंदना, मग इस्त्रीचा सदरा, मग ठोकाठोकी. सदऱ्याला ग्रीसचा डाग पडलेला मी कधी पाहिला नाही. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी आवाजाची तक्रार केली तर हे स्वतः जिना चढून त्यांना सांगून आले, "तक्रार योग्य आहे," आणि खाली येऊन पुन्हा ठोकायला बसले.

पेट्रोलची टाकी त्यांना अ‍ॅल्युमिनियमचीच हवी होती. लोखंड गंजतं आणि गंजलेल्या गोष्टी आपण नोकरीत पुष्कळ पाहिल्या, असं त्यांचं म्हणणं. पत्रा ओंडक्यावर ठेवून लाकडी हातोडीनं महिनोन् महिने ठोकून त्यांनी टाकीचे दोन अर्धे भाग घडवले. जोडले तेव्हा फणसासारखे दिसत. पण टाकीला तोंड नव्हतं, जिथून पेट्रोल ओतायचं ते. तोंडासाठी त्यांना गोल, बिनजोडाची, जाड नळी पाहिजे होती आणि मनासारखी मिळत नव्हती.

आता ह्या कथेतल्या दुसऱ्या बाईकडे वळू. ती बाई सदाशिव पेठेत राहायची, शाळेत नागरिकशास्त्र शिकवायची आणि आठवीच्या वर्गाला समतेचा धडा शिकवताना तिचा आवाज भरून यायचा. मुली टाळ्या वाजवत. घरी आल्यावर ती बाई कामाला येणाऱ्या शेवंताबाईंना न चुकता चहा द्यायची आणि शेजारणींना सांगायची, "आमच्याकडे जातपात नाही हो. शेवंताबाई म्हणजे घरच्याच." शेवंताबाई घरच्याच होत्या. त्यांचा पेला मात्र मोरीच्या खिडकीत असायचा, उपडा. सासूबाईंनी ठेवलेला. सासूबाई गेल्या, त्यांचा पाट गेला, सोवळं गेलं, पितळी बंब भंगारात गेला. पेला राहिला. चहा झाला की शेवंताबाई खिडकीतून पेला घेत, पुढे धरत, ती बाई वरून धार सोडी. पिऊन झाला की शेवंताबाई स्वतःच विसळून जागेवर उपडा ठेवत. त्या बाईनं त्या पेल्याला उभ्या जन्मात हात लावलेला नव्हता.

ती बाई मीच. तिच्याबद्दल मी असं तिऱ्हाइतासारखं लिहिते, कारण ती समोर आली तर मी तिला ओळख देणार नाही.

लेकीनं आपल्याच कंपनीतला मुलगा पसंत केला आणि तो बौद्ध आहे असं सांगितलं तेव्हा मी फार सुंदर बोलले. "आम्हाला चालतं," म्हणाले. चालतं! जणू कुणी माझी परवानगी मागितली होती. शेजारी मात्र मी एवढंच सांगितलं, "मुलाचे वडील मोठे अधिकारी होते." पुढचं कुणी विचारू नये म्हणून लगेच मुलाच्या अमेरिकेच्या वाऱ्यांवर आले.

व्याही पहिल्यांदा घरी आले ते त्याच गाडीवर. गाडीला टाकी नाही. हँडलला सलाइनसारखी एक प्लास्टिकची बाटली टांगलेली, तिच्यातून नळी इंजिनात. मागे मुलगा, मांडीवर पेढ्यांचा पुडा घेऊन, मान खाली घालून बसलेला. समोरच्या गॅलऱ्या भरल्या. कुणीतरी विचारलंच, "पेशंट कोण आहे?" मला वाटलं, आजची लाज ती हीच. बरं झालं, सुरुवातीलाच उरकली.

मी पाहुण्यांचा कपबशांचा सेट काढला होता. चहा किटलीतून ओतणार होते. इतका थाट आमच्याकडे दिवाळीलाही नसे. आमचे हे त्यांच्याशी हवापाण्यावर बोलत होते. शेवंताबाई पोह्यांच्या बश्या घेऊन आल्या. व्याह्यांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाई, तुम्हीपण बसा की. चहा घ्या."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! आपला मोठेपणा दाखवायची आयती संधी. मी तोंडभर म्हणाले, "अहो घ्या ना शेवंताबाई! तुम्ही काय परक्या आहात?"

शेवंताबाई आत गेल्या, खिडकीतला पेला घेतला, पदरानं पुसला, बाहेर आल्या आणि माझ्यापुढे धरला.

आणि मी ओतला. वरून.

हातभर उंचावरून, एक थेंब न सांडता, किटलीचं तोंड कुठंही न टेकवता. आमच्या घरात ही कला सासूबाईंकडून माझ्याकडे आली होती आणि माझा हात त्यात तरबेज होता. धार पडत असताना मला कळलंसुद्धा नाही. धार थांबली तेव्हा कळलं. लेकीनं आपला कप खाली ठेवला. आमचे हे पंख्याकडे बघायला लागले. पंखा बंद होता.

व्याह्यांनी मान तिरकी केली. मला वाटलं, आता आक्षेप येणार. आला असता तर बरं झालं असतं. ते शेवंताबाईंच्या हातातल्या पेल्याकडे बघत होते.

"पेला चांगला आहे," ते म्हणाले. "जाड आहे. असा आता मिळत नाही."

"लई जुना हाय," शेवंताबाई म्हणाल्या.

"तुमचा आहे?"

शेवंताबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग पेल्याकडे. "माझ्याशिवाय कुणी पीत न्हाई. म्हंजे माझाच की."

"मग मला द्याल का? गाडीला हवाय."

"न्या. घरी स्टीलचे ढीगभर हायेत माझ्याकडं."

त्या शांतपणे चहा प्यायल्या, पेला विसळून आणला आणि त्यांच्या हातात दिला. माझ्याकडे कुणी विचारायला आलं नाही. बरोबरच होतं. व्याह्यांनी पेला रुमालात गुंडाळला, मला "येतो मॅडम" म्हणाले आणि बाटली हलवत, फटफट करत गेले. लग्नाबद्दल ना होय म्हणाले, ना नाही.

रात्री लेक म्हणाली, "आई, तू शाळेत नक्की काय शिकवतेस ग?" मग म्हणाली, "लग्न तर मी करणारच आहे. पण त्यांनी नाही म्हटलं तर ते तुझ्या धारेमुळे. मग मी ह्या घराचा उंबरा चढणार नाही. सांगून ठेवते." ओरडून बोलली असती तर मी समजूत काढली असती. ती कपड्यांच्या घड्या घालत बोलत होती.

दुसऱ्या दिवशी शेवंताबाई आल्या. खिडकीत पेला नव्हता. मी पाहुण्यांच्या सेटमधला कप त्यांना दिला. अगदी बशीसकट. मनात म्हटलं, बाई भारावतील. त्यांनी कप उलटसुलट करून पाहिला. "ह्याच्यात मावतो किती?" म्हणाल्या. "पेल्यात बरा मावायचा."

आठवडा गेला, काही निरोप नाही. लेक माझ्याशी फक्त "मीठ दे" एवढंच बोलायची. मग एका संध्याकाळी फोन आला. "विहीणबाई, उद्या सकाळी बिबवेवाडीला या. जुनी साडी नेसून या. आर्गनवाल्याकडे जायचंय." पुढं काही विचारायच्या आत ठेवला.

अ‍ॅल्युमिनियमचं वेल्डिंग साध्या वेल्डरकडे होत नाही. त्याला आर्गन वायू लागतो, म्हणून तो करणारा आर्गनवाला. गल्लीच्या टोकाला पत्र्याची शेड होती. व्याही सदरा सावरत स्टुलावर बसले होते. शेजारी तोंड नसलेला फणस आणि पेला. पेल्याचा तळ त्यांनी करवतीनं कापून काढला होता. आता ती एक नळी होती, पण तिचा काठ मी कुठंही ओळखला असता.

आर्गनवाल्यानं पेला उजेडात धरला, आत डोकावला. "ह्यानं लई चहा प्यालाय, मावशी. असल्यावर जोड धरत नाय. आतबाहेर पांढरं होईस्तोवर घासायला लागंल." आणि तारेचा ब्रश पुढे केला. मी व्याह्यांकडे पाहिलं. त्यांनी वर्तमानपत्र उघडलं. "टाकी मी ठोकली. पेला तुमच्या घरचा."

बाहेरच्या नळावर मी उकिडवी बसून तो घासला. आतमध्ये चहाची तांबूस वलयं होती, झाडाच्या खोडात असतात तशी, एकात एक. घासून हात भरून आले. बांगड्या वाजत होत्या. जाणारे-येणारे बघत होते. सदाशिव पेठेतली कुणी इथे कशाला येतेय, असा धीर मी स्वतःला देत होते, आणि तेवढ्यात आमच्या शाळेतली एक मुलगी सायकलवरून उतरली. "नमस्ते बाई! भांडी घासताय?"

"प्रकल्प आहे," मी म्हणाले.

आर्गनवाल्यानं घासलेला पेला कसल्याशा उग्र वासाच्या द्रवानं पुसला, टाकीवर ठेवला. तो नीट बसला का बघायला मी बोट पुढे केलं, तर तो खेकसला, "ओ मावशी! आता शिवायचं नाय! बोटाचं तेल लागलं तरी जोड बिघडतो."

मी हात मागे घेतला. वर्तमानपत्रामागून आवाज आला, "ऐकलंत ना? शिवायचं नाही म्हणतात."

ते हसले नाहीत. मी कुठे बघावं ते मला कळेना, म्हणून मी बंद पंख्याकडे बघायला लागले. पंखा खरोखर मुद्दाम बंद केला होता. वाऱ्यानं वायू उडतो. मग निळा झगमगाट झाला, आम्ही तोंडं फिरवली, आणि थोड्या वेळानं आर्गनवाल्यानं एक शिवी हासडली. काठाजवळ भोक पडलं होतं. "लोखंड लाल हुतं, सांगतं तरी," तो म्हणाला. "हे रंग बदलत नाय. गारच दिसतं, आन् एकदम खाली बसतं." मी व्याह्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांचाही रंग कधी बदलत नसे.

भोक भरलं. टाकीत पाणी भरून पाहिलं, एका जागी पाझरलं. व्याह्यांनी कानावरची पेन्सिल काढून तिथं लाल गोल केला. पुन्हा वेल्डिंग. टाकी गार होईपर्यंत टपरीवरून चहा आला, तिघांना एकसारख्या काचेच्या ग्लासांतून. मला आणखी राहवेना.

"मग तुमचं काय ठरलं?"

"कशाचं?"

"अहो, लग्नाचं!"

"ते तर ठरलेलंच आहे. काल फोनवर मी तुम्हाला विहीणबाई म्हणालो. ऐकलं नाहीत?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लगेच त्यामागून रागही आला. तेव्हाची ती बाई अशीच होती. "मग मला इथे घासायला कशाला बसवलंत?"

"ते प्रकरण वेगळं. एका आक्षेपात दुसरा मिसळायचा नसतो." त्यांनी चहाचा घोट घेतला. "लहानपणी आई मला कामावर बरोबर न्यायची. तुमच्याच पेठेत. तिचा असाच पेला होता, खिडकीतच. त्यातला अर्धा चहा माझा असायचा. म्हणून जाडी पाहिल्याबरोबर कळली."

मी ग्लास खाली ठेवला. कुठल्या घरात, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. उत्तर आलं असतं तर काय करायचं होतं मला?

"मिटला का मग हा आक्षेप?" मी विचारलं.

"अनुपालन बघून सांगतो," ते म्हणाले आणि पेन्सिल कानावर ठेवली. खात्यातली रीतच ती. चूक दाखवली, दुरुस्ती केली असं समोरच्यानं सांगितलं, तरी खरंच झाली का ते पुढच्या वेळी येऊन बघायचं.

आणि ते बघायला येत राहिले. लग्न झालं, नात झाली, दर रविवारी सकाळी फटफट ऐकू यायची. चहाच्या वेळेला नेमके स्वयंपाकघराच्या दारात उभे. शेवंताबाईंना कुठल्या कपात मिळतो, कुठे बसून पितात, सगळं बघायचे; बोलायचे काही नाही. शेवंताबाई विचारायच्या, "माझा पेला बरा हाय का?" ते सांगायचे, "पेट्रोल पितो. त्याच्याशिवाय गाडी हलत नाही." कधी परतताना त्यांना मागे बसवून स्वारगेटच्या बसपर्यंत सोडायचे. शेवंताबाई पदर कमरेला खोचून ऐटीत बसायच्या. समोरच्या गॅलऱ्या पुन्हा भरायच्या आणि मी, देवा, तेव्हासुद्धा आत जाऊन उभी राहायचे.

शेवटच्या आजारात मी त्यांना भेटायला गेले होते. पेन्सिल उशाशी होती. थोड्या इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर मी म्हटलं, "आता तरी सांगा. अनुपालन झालं का?" त्यांनी मान तिरकी केली आणि म्हणाले, "विहीणबाई, आपण चहा फार छान करता." त्यावर मी खूप विचार केला आहे. ते होय नव्हतं.

गाडी आता नातीकडे आहे. ती मला मागे बसवून हिंडवते. लेक ओरडते, आम्ही ऐकत नाही. गेल्या महिन्यात पर्वतीच्या पायथ्याशी चढावर गाडी बंद पडली. पेट्रोल संपलेलं. नात धावत जाऊन कुठूनशी बाटलीत पेट्रोल घेऊन आली. चढावर स्टँड टिकेना, म्हणून तिनं दोन्ही हातांनी गाडी धरली आणि म्हणाली, "आजी, तू ओत."

मी टाकीचं झाकण उघडलं. तोच काठ. बाटली उचलली आणि ओतायला लागले. वारा होता, धार फाटली, अर्धं पेट्रोल टाकीवर, अर्धं नातीच्या जीन्सवर.

"आजी! एवढ्या वरून काय ओततेस? टेकव ना बाटली!"

मी हात पाहिला. हातभर वर होता. मी तो खाली आणला, बाटलीचं तोंड पेल्याच्या काठाला टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं. पेट्रोल गटगट आत जात राहिलं. बाटली रिकामी झाली तरी मी ती उचलली नाही.

"झालं ना, आजी?" नातीनं विचारलं.

"बघू," मी म्हटलं.